फ्रेंच राज्यक्रांतीतून साम्राज्य कसं उभं राहिलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजाचा शिरच्छेद करणाऱ्या देशाने अकरा वर्षांत सम्राट कसा काय स्वीकारला?

सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ ला झाला. नेपोलियनला सम्राट करणारा सेनेटचा ठराव १८ मे १८०४ चा. एवढ्या काळात फ्रेंच माणसाला पुन्हा राजेशाहीचं प्रेम आलं, असं झालं नाही. क्रांतीत ज्यांच्या पदरात काही पडलं होतं, विशेषतः जमीन, त्यांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. जुना राजवंश परतला तर जमीन जाणार, जेकोबिन (क्रांतीतले जहाल) परतले तर भाव बांधून देणार आणि डोकी उडवणार. दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवील असा राखणदार त्यांना हवा होता. हा धागा धरला की बाकीच्या गोष्टी उलगडत जातात, म्हणून इथे लढायांपेक्षा पैसा, जमीन आणि मतदान यांना जास्त जागा दिली आहे.

१७८९ ला फ्रान्सची तिजोरी नेमकी किती रिकामी होती?

१७८८ च्या अंदाजपत्रकात जमा सुमारे ५० कोटी ३० लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) आणि खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख. त्या खर्चातले जवळजवळ ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्मे, जुन्या कर्जाचं व्याज आणि हप्ते फेडण्यात जात. राणीच्या दागिन्यांनी आणि दरबाराच्या चैनीने देश बुडाला, असं अजूनही लिहिलं जातं. दरबाराचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. खरा खड्डा पाडला तो युद्धांनी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना नमवण्यासाठी फ्रान्सने अब्जावर लिव्हर ओतले, आणि तेही बहुतांश कर्ज काढून.

कर वाढवावेत तर सरदार आणि धर्मगुरू यांना मोठ्या सवलती होत्या. भार पडायचा तो सामान्यांवर. मिठाचाच कर घ्या. ज्या प्रांतांत हा कर सर्वांत जाचक होता, तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षाला सुमारे सात पौंड मीठ सरकारी कोठारातून, सरकारी भावाने विकत घेणं सक्तीचं होतं. घरात मीठ शिल्लक असो वा नसो. या कोंडीतून वाट काढायला राजाने १६१४ नंतर पहिल्यांदा इस्टेट्स जनरल ही सभा बोलावली. ५ मे १७८९ ला व्हर्सायला ती भरली, आणि सहा आठवड्यांत तिच्यातल्या सामान्यांच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं.

पाव किती महाग झाला होता?

पॅरिसमध्ये चार पौंडांचा (आजच्या मापात दोन किलोला थोडा कमी) पाव एरवी आठ-नऊ सूला (सू म्हणजे लिव्हरचा विसावा भाग) मिळायचा. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पिकं झोडपली, पुढचा हिवाळा कडक गेला, आणि १७८९ मध्ये तोच पाव साडेचौदा सूवर पोहोचला. मजुराची रोजची कमाई २० ते ३० सू. एका कुटुंबाला दिवसाला असा एक पाव तरी लागायचाच. उरलेल्या पैशांत भाडं, सरपण आणि कपडे कसे बसवायचे, याचा हिशेब करून पाहा म्हणजे रस्त्यावरचा राग कळेल.

‘पाव नाही तर केक खा’ असं राणी मारी आंत्वानेत म्हणाली होती का?

नाही. ही गोष्ट विचारवंत रूसोने एका अनाम राजकन्येच्या नावावर सांगितली होती, आणि तीही मारी आंत्वानेत १७७० मध्ये फ्रान्सला येण्यापूर्वी.

पॅरिसच्या बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यात सातच कैदी होते, मग हल्ला कशासाठी?

दारूगोळ्यासाठी. १४ जुलै १७८९ च्या सकाळी लोकांनी इनव्हॅलिड्स या सैनिकी इमारतीतून सुमारे ३०,००० बंदुका उचलल्या. बंदुका हाती आल्या, बार मात्र नव्हता. बॅस्टिलच्या तळघरात २५० पिंपं बारूद नुकतीच हलवलेली होती. आत ८२ निवृत्त सैनिक आणि ३२ स्विस शिपाई होते, अन्नसाठा मात्र जेमतेम. दुपारी फ्रेंच गार्ड्स या राजाच्या पलटणीतले फितूर शिपाई तोफा घेऊन लोकांना मिळाले तेव्हा किल्लेदार द लोने याचा धीर सुटला. हल्लेखोरांपैकी ९८ मेले. कैद्यांत चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे आणि एक सरदारपुत्र होता.

असिन्या म्हणजे काय, आणि त्या नोटांनी क्रांतीची वाट कशी लावली?

हा प्रश्न अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकतात. आमच्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे.

२ नोव्हेंबर १७८९ ला सभेने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राची म्हणून जाहीर केली. जमीन भरपूर होती, पण ती विकायला वेळ लागतो आणि सावकार दाराशी बसलेला. म्हणून डिसेंबरमध्ये त्या जमिनीच्या तारणावर ४० कोटी लिव्हरचे रोखे काढले. हेच असिन्या. मूळ योजना साधी होती. सरकारने सावकाराला रोखा द्यायचा, रोखेवाल्याने तो लिलावात देऊन जमीन घ्यायची, आणि परत आलेला रोखा जाळून टाकायचा. पहिल्या रोख्यांवर पाच टक्के व्याजही होतं.

बिघाड टप्प्याटप्प्याने झाला. एप्रिल १७९० मध्ये या रोख्यांना चलनी नोटेचा दर्जा मिळाला आणि व्याज तीन टक्क्यांवर आलं. सप्टेंबरमध्ये आणखी ८० कोटी काढले, बिनव्याजी. सुरुवातीला सर्वांत लहान नोट २०० लिव्हरची होती, म्हणजे ती मजुराच्या हातात पडणारच नव्हती. १७९१ मध्ये पाच लिव्हरच्या नोटा आल्या आणि कागद भाजीबाजारात पोहोचला. चांदीची नाणी मडक्यात गेली. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, आणि त्यानंतर छापखाना थांबवणं कोणाच्याच हातात उरलं नाही. जाळायच्या नोटांपेक्षा छापायच्या नोटा कितीतरी जास्त झाल्या. इंग्लंडमध्ये छापलेल्या बनावट नोटाही यात मिसळत होत्या. अस्सल नोटेवर दोन गोलांत दोन वाक्यं छापलेली दिसतात. एकात, बनावट नोट करणाऱ्याला कायदा मृत्युदंड देतो; दुसऱ्यात, खबर देणाऱ्याला राष्ट्र बक्षीस देतं. तळहातात मावणाऱ्या कागदावर एवढी धमकी लिहावी लागली, यावरूनच त्याची पत कळते.

सरकारने मग भाव बांधले. २९ सप्टेंबर १७९३ च्या ‘कमाल दर’ कायद्याने बहुतेक जीवनावश्यक वस्तूंना १७९० चा भाव अधिक एक तृतीयांश, आणि मजुरीला १७९० ची मजुरी अधिक निम्मी अशी मर्यादा घातली. शेतकऱ्याने धान्य दडवलं. डिसेंबर १७९४ मध्ये कायदा रद्द झाला आणि भाव भडकले. एकूण छपाई सुमारे ४,५०० कोटी लिव्हरवर गेली. १७९६ च्या सुरुवातीला शंभर लिव्हरच्या नोटेला चांदीत अर्धा लिव्हरही मिळेना. १९ फेब्रुवारी १७९६ ला पॅरिसच्या प्लास व्हाँदोममध्ये छपाईचे ठसे जाहीरपणे फोडण्यात आले.

आता याची दुसरी बाजू. राष्ट्रीय जमीन हप्त्याने मिळत होती, सुरुवातीच्या नियमाप्रमाणे बारा वर्षांपर्यंत. ज्याने १७९१ मध्ये जमीन घेतली त्याने नंतरचे हप्ते रद्दी झालेल्या नोटांनी भागवले. पगारदार, पेन्शनर आणि भाड्यावर जगणारी म्हातारी माणसं धुळीला मिळाली. सधन शेतकरी, वकील, व्यापारी जमीनदार झाले. नेपोलियनच्या मागे उभा राहिला तो हा वर्ग. त्याच्या १८०४ च्या शपथेत राष्ट्रीय जमिनींची विक्री कधीही फिरवली जाणार नाही, हे वचन शब्दशः आहे. पोपशी केलेल्या १८०१ च्या करारातही, चर्चच्या विकलेल्या जमिनींवरून घेणाऱ्यांना त्रास देणार नाही, असं पोपकडून लिहून घेतलं होतं.

दहशतीच्या काळात गिलोटिनखाली बहुतेक सरदारच गेले ना?

हा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. १७९३-९४ मध्ये देशभरच्या न्यायालयांनी दिलेल्या मृत्युदंडांची संख्या १६,५९४ मोजली गेली आहे. पैकी पॅरिसमधले २,६३९. यांत सरदार आठ-नऊ टक्के, धर्मगुरू सहा-सात टक्के. बाकी बहुतेक शेतकरी, कारागीर, दुकानदार, मजूर. खटल्याविना मारलेले आणि तुरुंगात मेलेले धरले तर आकडा ३५ ते ४० हजारांवर जातो. पश्चिमेकडच्या व्हाँदे प्रांतातल्या यादवीत मेलेले याहून वेगळे, आणि ते लाखाच्या वर. तिथला उठाव तीन लाख सैनिकांच्या भरतीच्या हुकमावरून पेटला होता.

यंत्राचं नाव डॉ. गिलोतँ यांच्यावरून पडलं, पण आराखडा शल्यविशारद आंत्वान लुई यांचा आणि बांधणी तोबियास श्मिट या वाद्य बनवणाऱ्या कारागिराची. २५ एप्रिल १७९२ ला त्याचा पहिला वापर झाला तो एका दरोडेखोरावर. गिलोतँ स्वतः १८१४ मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले.

‘९ तेर्मिदोर’, ‘१८ ब्रूमेर’ या तारखा आपल्या कॅलेंडरमध्ये कशा बसवायच्या?

प्रजासत्ताकाचं पंचांग २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजलं जातं, वापरात मात्र ते १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. बारा महिने, प्रत्येकी ३० दिवस, शेवटी पाच जादा दिवस आणि काही वर्षी सहा. महिन्यांचा क्रम असा: वाँदेमिएर (द्राक्षतोड), ब्रूमेर (धुकं), फ्रिमेर (दहिवर), निवोज (बर्फ), प्लुविओज (पाऊस), वाँतोज (वारा), जेर्मिनाल (अंकुर), फ्लोरेआल (फुलं), प्रेरिआल (कुरण), मेसिदोर (कापणी), तेर्मिदोर (उष्मा), फ्रुक्तिदोर (फळं).

उलटून गेलेले महिने गुणिले तीस, अधिक तारीख, हा झाला वर्षातला दिवस. वर्षारंभाचा दिवस एक धरून तितकं पुढे जायचं. १८ ब्रूमेर म्हणजे ३० अधिक १८, अठ्ठेचाळिसावा दिवस. वर्ष आठ २३ सप्टेंबर १७९९ ला सुरू झालं. सप्टेंबरचे आठ दिवस आणि ऑक्टोबरचे एकतीस मिळून एकोणचाळीस, उरले नऊ. म्हणून ९ नोव्हेंबर १७९९.

चूक होते ती वर्षारंभात. तो पॅरिसच्या शरद संपाताला (सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला) बांधलेला होता, म्हणून प्रत्येक वर्षी २२ सप्टेंबरच येत नाही. वर्ष १, २, ३, ५, ६, ७ यांचा आरंभ २२ सप्टेंबर. वर्ष ४, ८, ९, १०, ११, १३, १४ यांचा २३. आणि वर्ष १२ चा २४. वरच्या उदाहरणात २२ धरलात तर उत्तर ८ नोव्हेंबर येईल. अनेक संकेतस्थळांवर हीच एका दिवसाची चूक दिसते.

आठवडा दहा दिवसांचा होता. म्हणजे कामगाराला सातव्याऐवजी दहाव्या दिवशी सुट्टी. गावोगावी लोक रविवार पाळतच राहिले. नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून हे पंचांग बंद केलं. त्याच काळातलं मीटर-किलोग्रॅमचं माप मात्र टिकलं, आणि १९५६ च्या कायद्याने भारतातही आलं.

रोब्स्पिएर गेल्यावर लोकशाही का रुजली नाही?

दहशतीच्या काळाचा सूत्रधार रोब्स्पिएर १७९४ च्या ९ तेर्मिदोरला सत्तेवरून गेला. त्यानंतर १७९५ च्या राज्यघटनेने पाच संचालकांचं मंडळ आणि दोन सभागृहं उभी केली: २५० ज्येष्ठांची सभा आणि पाचशेंची सभा. दरवर्षी एक संचालक आणि एक तृतीयांश प्रतिनिधी बदलायचे, म्हणजे दरवर्षी निवडणूक. संचालक आणि सभा यांचं पटलं नाही तर काय करायचं, याची तरतूदच घटनेत नव्हती. सभा बरखास्त करता येत नव्हती, अविश्वास ठराव नव्हता. उरलं लष्कर. १७९७ ची निवडणूक राजेशाहीवाल्यांकडे झुकली, तर ४ सप्टेंबरला सैन्य आणून निकाल रद्द केले. १७९८ मध्ये पारडं जेकोबिनांकडे झुकलं, तर १०६ जणांची निवड रद्द केली. मतपेटीचा कौल सत्ताधाऱ्यांनीच दोनदा पायदळी तुडवला. मग तिसऱ्यांदा कोणी सेनापती आला तेव्हा तिच्या रक्षणाला लोकांनी का धावावं?

सैनिकाची निष्ठाही सरकत गेली होती. पॅरिसकडून त्याला मिळायचा कागद, तोही उशिरा. मे १७९६ मध्ये मिलानला सेनापती नेपोलियन बोनापार्टने शिपायांचा निम्मा पगार नाण्यांत द्यायला सुरुवात केली. हा पैसा जिंकलेल्या इटलीतून वसूल केलेला होता, आणि त्यातलाच हिस्सा तो पॅरिसलाही पाठवत होता. सरकारच सेनापतीच्या जिवावर जगायला लागलं.

१८-१९ ब्रूमेरला नेमकं काय झालं?

या दोन दिवसांत बोनापार्टने सत्ता हाती घेतली. कट आखला होता सीएस या संचालकाने. त्याला हवी होती फक्त एक तलवार. पहिला दिवस बेतल्याप्रमाणे गेला. जेकोबिनांच्या कटाची हूल उठवून ज्येष्ठांच्या सभेकडून दोन ठराव करून घेतले: दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सँ-क्लूच्या राजवाड्यात हलवायची आणि राजधानीतलं सैन्य बोनापार्टच्या हाती द्यायचं. सीएस, द्युको आणि बारास या तीन संचालकांनी राजीनामे दिले, उरलेल्या दोघांना लक्झेंबर्ग राजवाड्यात अडकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं विस्कटलं, आणि कारण अगदी साधं होतं. पाचशेंच्या सभेसाठी ठरलेली संत्र्यांच्या झाडांची लांबट इमारत, ओरांजरी, वेळेत तयार नव्हती. बाकं, पडदे, शेगड्या लावायचं काम चाललं होतं, आणि प्रतिनिधी बागेत घोळक्याने उभे राहून एकमेकांना विचारत होते की कट कुठे आहे, पुरावा कुठे आहे. बैठक दुपारी सुरू झाली तेव्हा त्यांनी एकेकाचं नाव पुकारून राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला सुरुवात केली. तास उलटत गेले. अस्वस्थ बोनापार्ट आधी ज्येष्ठांपुढे गेला आणि चाचरत, असंबद्ध बोलला. मग शिपायांसह ओरांजरीत शिरला. तिथे लोक अंगावर धावून आले, धक्काबुक्की झाली, आणि ‘कायद्याबाहेर!’ अशा आरोळ्या उठल्या. या दोन शब्दांचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला माहीत होता. कायद्याबाहेर ठरवलेल्याला फक्त ओळख पटवून गिलोटिनकडे नेत. १७९४ मध्ये रोब्स्पिएरचं हेच झालं होतं. शिपायांनी बोनापार्टला ओढून बाहेर काढलं.

डाव सावरला तो धाकट्या भावाने. ल्युसियँ हा त्या सभेचा अध्यक्ष होता. त्याने मतदान लांबवलं, बाहेर आला, घोड्यावर बसला आणि सभागृहाच्या रक्षकांना सांगितलं की आत मूठभर खंजीरवाले प्रतिनिधींना धाक घालताहेत. भावाच्या छातीवर तलवार टेकवून, हा स्वातंत्र्याच्या आड आला तर मीच याला मारीन, अशी शपथ घेतली. कचरणारे शिपाई तेव्हा हलले. ढोल वाजले, सेनानी म्युराच्या हुकमाने संगिनी आत शिरल्या, प्रतिनिधी खिडक्यांतून उड्या टाकून पळाले. त्यांचे लाल झगे बागेत पडलेले सापडले. रात्री हाती लागले तेवढे प्रतिनिधी गोळा करून तीन कॉन्सलांच्या (नव्या सरकारच्या प्रमुखांच्या) नेमणुकीचा ठराव करून घेतला. म्हणजे या घटनेचं श्रेय नेपोलियनच्या धडाडीला देणं चूक आहे. त्या दुपारी त्याने डाव जवळजवळ घालवलाच होता.

नव्या राज्यघटनेवरच्या १८०० च्या जनमतात तीस लाख लोकांनी होकार दिला होता का?

जाहीर आकडा होता ३०,११,००७ होकार आणि १,५६२ नकार. खरे होकार त्याच्या निम्म्याच्या आसपास. इतिहासकार क्लोद लांग्ल्वा यांनी १९७२ मध्ये दफ्तरातल्या बेरजा तपासून हे दाखवून दिलं. लष्कराच्या नावावर पाच लाखांवर होकार न मोजताच धरले होते, आणि जिल्ह्यांच्या बेरजाही गृहखात्यात फुगवल्या होत्या. गृहमंत्री होता ल्युसियँ. मतदान गुप्त नव्हतं. नोंदवहीत नावापुढे हो किंवा नाही लिहायचं. शिवाय निकाल फेब्रुवारीत लागला आणि राज्यघटना २५ डिसेंबर १७९९ पासूनच लागू झालेली होती.

त्या घटनेची रचनाही पाहण्यासारखी आहे. कायद्याचा मसुदा राज्य परिषद करणार, शंभर जणांचं त्रिब्युना त्यावर चर्चा करणार पण कायदा मंजूर करणार नाही, आणि तीनशे जणांची विधानसभा मत देणार पण बोलणार नाही. प्रस्ताव मांडण्याचा अधिकार एकट्या सरकारचा.

नेपोलियनने क्रांती राखली की मोडली?

कोणाच्या बाजूने बघता त्यावर आहे. २१ मार्च १८०४ च्या दिवाणी संहितेत २,२८१ कलमं होती. कायद्यापुढे समानता, औरस मुलामुलींना सारखा वारसाहक्क, सरंजामी हक्कांचा अंत, हे सगळं तिने पक्कं केलं. त्याच संहितेने बायकोला नवऱ्याच्या आज्ञेत राहणं बंधनकारक केलं, आणि १७९२ च्या कायद्याने सोपा झालेला घटस्फोट अवघड केला. गुलामांचा तर सरळ विश्वासघात झाला. प्रजासत्ताकाने ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामी रद्द केली होती. १८०२ मध्ये बोनापार्टने ती वसाहतींत पुन्हा आणली. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीच्या लोकांनी त्याच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ ला हैती हा स्वतंत्र देश उभा केला. क्रांतीची जाहीर तत्त्वं शब्दशः खरी करून दाखवली ती त्यांनी, आणि आपल्या पुस्तकांत त्यांना एक परिच्छेदही मिळत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं.

महाराष्ट्र-गोव्याशी याचा काही संबंध?

आहे, आणि थेट. दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणं पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होती. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने फ्रेंचांचा हा बागुलबुवा पुढे करून मराठ्यांवरच्या युद्धाचं समर्थन केलं. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात, इंग्रजांशी युद्ध असलेल्या देशाचा युरोपीय चाकरीत ठेवणार नाही, हे दुसऱ्या बाजीरावाकडून लिहून घेतलं होतं. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली हाच १८१५ चा वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. फ्रेंच हल्ल्याच्या भीतीने इंग्रजांनी १७९९ पासून १८१३ पर्यंत गोव्यात फौज ठेवली; दोना पावलाजवळचं ब्रिटिश कब्रस्तान ही त्याची खूण. आणि पणजीत ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे आबे फारिया, संमोहनाचे एक आद्य अभ्यासक, १७८८ पासून पॅरिसमध्ये होते.

मग प्रजासत्ताक नेमकं कोणत्या दिवशी संपलं?

परीक्षेत १८ मे १८०४ लिहा, गुण मिळतील. पण त्या ठरावाचं पहिलं कलम वाचा: प्रजासत्ताकाचा कारभार एका सम्राटाकडे सोपवला जात आहे. प्रजासत्ताक रद्द केल्याचा शब्दही त्यात नाही. कोणी ९ नोव्हेंबर १७९९ म्हणेल, कोणी नेपोलियन तहहयात कॉन्सल झाला तो ऑगस्ट १८०२. राज्याभिषेक २ डिसेंबर १८०४ चा, नोत्र-दाममध्ये; मुकुट त्याने स्वतःच्या हाताने घातला आणि ते आधीच ठरलेलं होतं, पोपच्या हातून हिसकावलेला नव्हता.

या प्रश्नाचं उत्तर हातात धरून पाहायचं असेल तर त्या काळातलं पाच फ्रँकचं चांदीचं नाणं बघा. २५ ग्रॅम वजन, दहात नऊ भाग चांदी. एका बाजूला नेपोलियनचा चेहरा आणि ‘नेपोलियन सम्राट’. उलटवलं की पानांच्या माळेभोवती ‘फ्रेंच प्रजासत्ताक’. १८०४ नंतर जवळजवळ पाच वर्षं ही दोन्ही नावं एकाच नाण्यावर नांदली. मागची बाजू बदलून तिथे ‘फ्रेंच साम्राज्य’ आलं ते १८०९ मध्ये.